नव्या वर्षाची मुलं येतायत. दोन दिवसांत त्यांना नेमकं काय सांगायचं?

टिपणवही
सोमवार, सकाळी ९.१०

मंडळी, यंदा आमच्या विभागातल्या नव्या एमएससी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन माझ्या गळ्यात पडलंय. सत्र सुरू व्हायला तीन आठवडे आहेत आणि मला दोन दिवस मिळालेत. आधी हे काम बघणाऱ्या सहकाऱ्यांनी प्रेमाने त्यांची फाइल दिली. ११८ स्लाइड. ग्रंथालयाचे नियम, अग्निसुरक्षा, नोंदणीच्या मुदती, शिष्यवृत्तीचे अर्ज, वाङ्मयचौर्य, विभागाचा इतिहास (हा एकटाच १४ स्लाइड).

मी एक आगाऊपणा केला. गेल्या वर्षी हे सगळं ऐकलेल्या नऊ जणांना गाठलं आणि विचारलं, काय आठवतंय? चौघांना काहीच नाही. दोघांना प्रोजेक्टर बंद पडलेला आठवत होता. एकीला अग्निशामक नळकांडं कसं धरायचं ते पक्कं आठवत होतं, कारण ते तिने स्वतः हातात धरलं होतं. उरलेले दोघं म्हणाले, "मॅडम, तेव्हा कळायला हवं होतं ते कुणी बोललंच नाही." ते काय, असं विचारल्यावर एक नुसता हसला आणि दुसऱ्याने विषय बदलला.

तर आता तुम्हालाच विचारते. जे कुणी बोललं नाही, ते काय होतं? संशोधन करून झालेले, करत असलेले, अर्ध्यात सोडलेले, सगळ्यांनी लिहा. सोडलेल्यांनी तर नक्की लिहा.

---

पानगळ
सोमवार, सकाळी ९.३२

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

काठावरचा
सोमवार, रात्री ११.४८

पाचवं वर्ष चालू आहे, प्रबंध काठावर आलाय, म्हणून हे नाव.

तुमच्या त्या हसणाऱ्या मुलाला काय म्हणायचं होतं ते मी सांगतो. गाईडशी कसं वागायचं हे कुणी सांगत नाही. म्हणजे आदराने वागा वगैरे नव्हे, ते येतं आम्हाला. साधे प्रश्न. किती दिवसांनी भेटायचं? भेट मी मागायची की त्यांनी बोलवायचं? कच्चा मसुदा दाखवला तर राग येतो का? मेलला उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी आठवण करायची? सुट्टी घ्यायची तर विचारायचं की कळवायचं?

माझं उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी मला वाटत होतं की सरांपुढे जाताना काम पूर्ण हवं. म्हणून पाच महिने मी साहित्य-आढाव्याचं, म्हणजे विषयावरच्या आधीच्या संशोधनाचं, प्रकरण एकटाच घासत बसलो. ८० पानं झाली. या पाच महिन्यांत सरांना वाटत होतं की हा मुलगा काहीच करत नाहीये, पण मागे लागलं तर दबाव येईल, म्हणून तेही गप्प. प्रकरण दिलं तेव्हा त्यांनी पहिली दहा पानं वाचली आणि म्हणाले, "विषयाची ही बाजू आपण घेणार नव्हतो ना?" घेणार नव्हतो. ते आमचं पहिल्याच भेटीत ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला आठवत नव्हतं. लिहून कुणीच ठेवलं नव्हतं.

दोघंही चांगली माणसं. पाच महिने गेले ते गेले.

---

चौथा मसुदा
मंगळवार, सकाळी ७.१५

काठावरचा, +१. शब्दन् शब्द. फक्त माझे आठ महिने होते.

---

सरळसोट
मंगळवार, सकाळी १०.०५

जरा विरोधी सूर लावतो. हे सगळं लिहून घ्या, ठरवून घ्या प्रकरण मला पटत नाही. गुरु-शिष्य संबंधात करारनामा आणला की विश्वास संपला. शिवाय नवा मुलगा पहिल्या आठवड्यात "सर, तुम्ही माझा मसुदा किती दिवसांत वाचाल?" असं विचारणार? कुठल्या जगात? आमच्या वेळी आम्ही बघून बघून शिकलो.

---

काठावरचा
मंगळवार, दुपारी १.२०

सरळसोट, जे बघून बघून शिकले तेवढेच आज हे सांगायला उरलेत. जे शिकले नाहीत ते सोडून गेले, त्यांचा प्रतिसाद तुम्हाला दिसणार नाही.

---

जुना खडू
मंगळवार, रात्री ९.४०

दोघांनी जरा दमानं घ्या. मी टेबलाच्या पलीकडे बसणारा. बावीस वर्षं मार्गदर्शन करतोय, सध्या सहा विद्यार्थी आहेत.

सरळसोट यांचा एक मुद्दा खरा आहे. नवा विद्यार्थी हे प्रश्न स्वतःहून विचारू शकत नाही. पण त्यावरून प्रश्नच नकोत असं होत नाही. ते विचारायची सोय दुसऱ्या कुणीतरी करून द्यायला हवी, आणि टिपणवही ताई, ती जागा तुमच्या ओरिएंटेशनची आहे.

यासाठी जुनं आणि फार साधं साधन आहे. इन्ग्रिड मोझेस यांनी १९८५ साली मार्गदर्शनावर लिहिताना एक प्रश्नावली मांडली. एका कागदावर परस्परविरोधी विधानांच्या जोड्या. डावीकडे "विषय निवडणं ही मार्गदर्शकाची जबाबदारी", उजवीकडे "विषय निवडणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी". मधे १ ते ५ आकडे. आपलं मत जिकडे झुकतं तो आकडा. अशाच पुढच्या जोड्या: प्रत्येक भागाचा मसुदा मार्गदर्शकाने मागून घ्यावा, की विद्यार्थ्याला हवं तेव्हाच त्याने दाखवावा? भेटी कधी घ्यायच्या ते कुणी ठरवायचं? नातं निव्वळ कामापुरतं असावं की जिव्हाळ्याचं? वेगवेगळ्या विद्यापीठांत याच्या नाना आवृत्त्या फिरतात. मार्गदर्शकाने वेगळा भरायचा, विद्यार्थ्याने वेगळा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जिथे दोघांचे आकडे जुळतात ते सोडून द्यायचं. जिथे एकाने १ लिहिलाय आणि दुसऱ्याने ५, तिथे बोलायचं.

गंमत अशी की यात कुणी कुणाला प्रश्न विचारतच नाही. कागद विचारतो. त्यामुळे मुलाला उद्धटपणा केल्यासारखं वाटत नाही, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही आपली झडती चाललीय असं वाटत नाही.

मी पहिल्यांदा भरला तेव्हा माझाच घोळ उघडा पडला. "मसुदा कधीही दाखवा" असं मी सगळ्यांना तोंडाने सांगायचो. कागदावर मात्र मी "नीट तयार झाल्यावरच दाखवावा" याकडचा आकडा लिहून बसलो होतो. विद्यार्थी माझ्या शब्दांपेक्षा माझा चेहरा वाचत होते आणि बरोबर वाचत होते.

दुसरी एक सवय. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी विद्यार्थ्याने मला पाच ओळींची मेल करायची: काय ठरलं, काय ठरलं नाही, पुढच्या भेटीपर्यंत कोण काय करणार. मला पटलं नाही तर मी दुरुस्त करतो. काठावरचा, तुमचे पाच महिने या पाच ओळींत वाचले असते.

---

पानगळ
मंगळवार, रात्री १०.०२

खडूकाका, दंडवत. मेलचं आजपासून सुरू करते.

---

बॅकअपभक्त
मंगळवार, रात्री ११.३०

गाईडपुराण चालू द्या, मी फायलींवर बोलतो. माझं नावच सांगतंय.

पहिल्याच दिवशी सगळ्यांचे लॅपटॉप उघडायला लावा आणि तिथल्या तिथे बॅकअप लावून द्या. नियम ३-२-१: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. "करून घ्या हं" म्हणून सोडू नका, बसवून करून घ्या. तुमच्या त्या मुलीला नळकांडं आठवलं ते याचसाठी. शिवाय बॅकअप आहे म्हणून खूश होऊ नका. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून परत काढून उघडून बघा. न उघडणाऱ्या प्रतीला मी प्रत म्हणत नाही.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने टाका, म्हणजे नावाने लावल्या की आपोआप काळाने लागतात. "अंतिम", "अंतिम२", "खरंच अंतिम" ही नावं बंद.

आणि एक्सेलवर डोळे मिटून विश्वास नको. जीवशास्त्रातला किस्सा आहे. सेप्ट१, मार्च१ अशा नावांची जनुकं आहेत. एक्सेलमध्ये टाकली की ते गुपचूप त्यांची तारीख करून टाकतं. २०१६ साली काही संशोधकांनी तपासलं, तर जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. एक्सेल काही बदललं नाही, निदान तेव्हा तरी.

म्हणून मूळ डेटाची फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवायची. जी काय काटछाट करायची ती प्रतीवर, आणि काय केलं ते शेजारच्या साध्या टेक्स्ट फायलीत लिहायचं. सहा महिन्यांनी परत येणारा तुम्ही म्हणजे एक परका माणूस असतो, आणि त्याला मेल टाकून विचारता येत नाही.

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री २.१७

संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर. पहिल्या दिवसापासून. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००६ पासून चालू आहे. चौथ्या वर्षी ३०० संदर्भ हाताने लावलेत मी. शत्रूवरही ही वेळ येऊ नये.

---

सरळसोट
बुधवार, सकाळी ९.५०

आणि लिहिण्यासाठी लाटेक, म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची मांडणी करून घेणारी प्रणाली. वर्डमध्ये प्रबंध लिहिणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

---

चौथा मसुदा
बुधवार, सकाळी ९.५४

झालं सुरू. तुमच्या गाईडला बदल सुचवायला वर्डच लागत असेल तर तुमचं लाटेक घेऊन काय करणार? गाईड जे वापरतात ते वापरा, विषय संपला.

---

सरळसोट
बुधवार, सकाळी १०.३१

विषय अजिबात संपलेला नाही.

---

टिपणवही
बुधवार, सकाळी ११.००

त्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.

खडूकाका, कागदाची कल्पना उचललीच म्हणून समजा. पण सगळे मार्गदर्शक भरतील का? आमच्याकडे दोघं-तिघं असे आहेत की "फॉर्म" शब्द ऐकला तरी अंगावर येतात.

---

जुना खडू
बुधवार, रात्री १०.१५

फॉर्म म्हणू नका. दोन टोकांचे दोन विद्यार्थी त्यांच्या गळ्यात आहेत असं सांगा आणि विचारा, यातला कुठला बरा? माणसं आपल्या सवयींबद्दल बोलायला फार उत्सुक असतात. जे भरणारच नाहीत त्यांच्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांजवळ बसवा. ते त्यांच्या वतीने बिनचूक भरून देतील.

---

परतीची वाट
गुरुवार, दुपारी ४.४५

मी तेरा वर्षं नोकरी करून चाळिशीत पीएचडीला आले. माझ्या ओरिएंटेशनमध्ये संध्याकाळी सात वाजता "ओळख-मेळावा" होता. लहान मूल घरी असलेल्या, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्या आणि नोकरी करून शिकणाऱ्या कुणालाच तो जमला नाही. ओळखी तिथे झाल्या, गट तिथे पडले, आणि पुढे वर्षभर मी त्या गटाबाहेरच राहिले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ताई, महत्त्वाचं जे काही असेल ते दिवसाउजेडी ठेवा, एवढंच.

अजून एक. मला शिकवण्याचा अनुभव होता तरी उत्तरपत्रिका तपासायला दिल्या तेव्हा घाम फुटला. नव्या मुलांना सहायक म्हणून हे काम देणार असाल तर अर्धा तास त्यावर द्या. आधी गुणांची वाटणी लिहून काढायची. मग एका मुलाची पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जायचं. नाहीतर पहिल्या उत्तरावर खूश झालो की पुढच्यालाही हात सैल सुटतो. आणि पहिल्या दहा शेवटी परत बघायच्या. तोवर आपला हात बसलेला असतो.

---

पेन्सिल
गुरुवार, रात्री ८.२०

मी त्या नव्या मुलांपैकीच एक, दुसऱ्या एका विद्यापीठात. महिन्याभरात सुरू होईल. हा धागा वाचून धीर आला आणि भीतीही वाटली. प्रश्न असा की माझ्याबरोबर निवडलेली बाकीची मुलं फार हुशार वाटतात. मला चुकून घेतलंय असं सारखं वाटतं. याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात हे माहीत आहे, पण नाव माहीत असून काही उपयोग होत नाहीये.

---

काठावरचा
गुरुवार, रात्री ९.०५

पेन्सिल, आमच्या खोलीत पाच जण आहेत. पाचही जणांना हेच वाटतं. निवड समिती पाच वेळा चुकली असेल का?

---

खिडकीपाशी
गुरुवार, रात्री ११.३०

मी पीएचडी तिसऱ्या वर्षी सोडली. ताईंनी सोडलेल्यांनी नक्की लिहा म्हटलंय, म्हणून लिहिते.

ज्यांनी हे पहिल्यांदा मांडलं त्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ च्या निबंधात "सिंड्रोम" शब्द वापरलाच नव्हता. त्यांनी त्याला फिनॉमिनन म्हटलं होतं. म्हणजे एक अनुभव. रोग नाही. आता मात्र कुठलीही अडचण आली की आपण हे लेबल चिकटवतो आणि "सगळ्यांनाच वाटतं गं" म्हणून मोकळे होतो.

माझं काय झालं सांगते. मला दोन वर्षं वाटत राहिलं की मी या कामाला लायक नाही. सगळे प्रेमाने म्हणाले, इम्पोस्टर आहे, जाईल. प्रत्यक्षात मला संख्याशास्त्र येत नव्हतं. खरोखर येत नव्हतं. पदवीला झालंच नव्हतं. कुणी पहिल्या महिन्यात "तुला नेमकं काय येत नाही?" असं विचारलं असतं तर एका सत्राचा अभ्यासक्रम करून सुटले असते. दिलासा भरपूर मिळाला. शिकवणी नाही मिळाली.

तर पेन्सिल, एक कागद घे. "मी लायक नाही" हे त्यावर लिहायचं नाही. मला काय काय येत नाही ते लिहायचं. अमुक उपकरण, तमुक पद्धत, इंग्रजीत पटकन लिहिणं. यादी झाली तर ती शिकायची यादी आहे. कागद कोरा राहिला आणि भीती तशीच राहिली, तर मग काठावरचा म्हणतात ते खरं.

सोडल्याचं मला दुःख नाही, बरं का. आता जे करते ते आवडतं. फक्त चुकीच्या कारणासाठी सोडली.

---

जुना खडू
शुक्रवार, सकाळी ६.५०

खिडकीपाशी, हा प्रतिसाद छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवतोय. तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

---

रात्रपाळी
शनिवार, रात्री १.४०

वाचनावर कुणी बोललं नाही म्हणून. पहिल्या वर्षी मी प्रत्येक शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. दिवसाला एक. महिनाअखेरीला एकही आठवायचा नाही.

संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ साली तीन फेऱ्यांची पद्धत मांडली, त्याने माझं चित्र पालटलं. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मधले मथळे, निष्कर्ष. बहुतेक निबंध इथेच बाजूला पडतात आणि पडू द्यायचे. दुसरी तासाभराची, आकृत्या नीट बघत, पण सिद्धता वगैरे सोडून. तिसरी फक्त मोजक्यांसाठी, जणू तो निबंध आपणच नव्याने लिहितोय अशी. नवख्याला तिला चार-पाच तास लागतात. माझी भर एवढीच, की फेरी कुठलीही असो, बंद करताना दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, मजकूर न बघता. बघून लिहिलं की आपण नक्कल करतो आणि समजलं असं वाटतं.

चॅटबॉटला संदर्भ विचारत असाल तर प्रत्येक संदर्भ उघडून बघा. न लिहिलेले निबंध, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांसकट, बिनदिक्कत देतात.

---

चौथा मसुदा
शनिवार, दुपारी १२.१०

वेळापत्रकावर एक. मानसशास्त्रात एक छान प्रयोग झालाय, १९९४ साली प्रसिद्ध झालेला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर ३४ दिवस. मग विचारलं, सगळं जितकं बिघडता येईल तितकं बिघडलं तर? म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे त्यांच्या वाईटात वाईट कल्पनेपेक्षाही जास्त.

माझ्या आयडीचं रहस्य आता कळलं असेल.

ताई, मुलांना वर्षाची योजना करायला लावत असाल तर "तुला किती वेळ लागेल?" असं विचारू नका. "तुझ्या आधीच्या तिघांना याच कामाला किती लागला?" हे शोधून आणायला लावा. तो आकडा खराच्या जवळ असतो, आणि तो शोधताना तीन सिनिअरशी ओळख होते ते वेगळंच.

---

सरळसोट
शनिवार, दुपारी २.००

हा मुद्दा मान्य. (लाटेकबद्दल मत कायम.)

लेखक म्हणून नाव कुणाचं, हेही पहिल्याच वर्षी बोला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात वाटा, अंतिम मसुद्याला संमती, आणि जे छापलंय त्याची जबाबदारी. चारही पुऱ्या हव्यात. इतर शाखांत रिवाज वेगळे असतात, कुठे नावं वर्णानुक्रमाने, कुठे प्रमुख शेवटी. आपल्या शाखेत काय चालतं ते निबंध लिहायच्या आधी विचारावं, नंतर नाही. हो, मीच म्हणतोय, विचारावं.

---

काठावरचा
शनिवार, दुपारी २.०४

सरळसोट, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

टिपणवही
तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.३०

झालं एकदाचं. वृत्तान्त द्यायलाच हवा.

११८ च्या २३ स्लाइड केल्या. नियम, मुदती, अर्ज सगळं चार पानी छापील पुस्तिकेत टाकलं, वाचून नाही दाखवलं. विभागाचा इतिहास भिंतीवर चिकटवला. अग्निशामक नळकांडं मात्र प्रत्येकाच्या हातात दिलं. सगळं पाचच्या आत संपवलं. पहिल्या दुपारी बॅकअप तिथेच लावून घेतला. १९ पैकी ११ जणांकडे कशाचीच दुसरी प्रत नव्हती. एकाचा तर एमएससीचा सगळा डेटा एका पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह किल्लीच्या जुडग्यात!

खिडकीपाशी, तुमचा कागदही केला, नावं न लिहिता. १९ पैकी १२ कागदांवर संख्याशास्त्र. तेव्हा पुढच्या महिन्यापासून आठवड्याला दोन तासांचा वर्ग सुरू होतोय. आधीच्या वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं.

दुसरा दिवस खडूकाकांच्या कागदाचा. नऊपैकी सात मार्गदर्शक आले. "फॉर्म" शब्द एकदाही उच्चारला नाही. दोघं आले नाहीत, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी काय लिहिलं ते मी इथे सांगत नाही. सर्वांत मोठी तफावत कुठे आली असेल? विषय निवडीत नाही, भेटींतही नाही. "अडचण आली तर विद्यार्थ्याने लगेच सांगावं की स्वतः सोडवून मग यावं", या जोडीत. मार्गदर्शकांनी जवळजवळ सगळ्यांनी "लगेच सांगावं" कडे आकडा लिहिला. विद्यार्थ्यांनी जवळजवळ सगळ्यांनी "स्वतः सोडवून मग". एक मॅडम आपल्या नव्या विद्यार्थिनीचा कागद बघून बराच वेळ गप्प बसल्या. मग तिला म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "कुणी नाही." पुढे दोघी तासभर बोलत बसल्या होत्या, मला खोली बंद करायची होती तरी उठेनात.

जेवणाच्या सुट्टीनंतर पाचव्या वर्षातली दोन मुलं दारात येऊन उभी राहिली. निमंत्रण नव्हतं त्यांना. म्हणाली, "मॅडम, तो कागद आम्हालाही मिळेल का? सरांबरोबर भरायचाय."

---

काठावरचा
रविवार, रात्री ११.५५

मग दिला का?

---

टिपणवही
सोमवार, सकाळी ८.०५

दिला. जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. तुम्हाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.